जपानी बाळांचे जुने कपडे: शिवताना आणि जपताना या चुका टाळा

जुनं चान्चान्को (बाळाची कापूस भरलेली बिनबाह्यांची बंडी) किंवा तान्ह्याचा किमोनो हाती आला, की बहुतेक घोटाळे एकाच कारणाने होतात. आपण त्याला मोठ्यांच्या कपड्याची छोटी आवृत्ती समजतो.

सगळ्यात मोठी चूक पाठीवर होते. मोठ्यांच्या किमोनोला पाठीच्या मध्यावर उभी शिवण असते. तान्ह्याचा किमोनो सुमारे 36 सेंमी रुंदीच्या एकाच पन्ह्यात बसतो, म्हणून पाठीला जोड लागत नाही. मागून येणाऱ्या अरिष्टावर ती शिवण नजर ठेवते, अशी समजूत होती. बाळाच्या पाठीला ती नाही, म्हणून आया मानेखाली रंगीत दोऱ्याचे टाके घालत. हे सेमामोरी, आपली तीट गालावर, त्यांची पाठीवर! हौसेने शिवणारे मोठ्यांचा नमुना लहान करतात, मधोमध जोड घेतात आणि वर सेमामोरीही काढतात. मग त्या टाक्यांचं कामच उरत नाही. पाठ अखंड ठेवा, जोड घ्यायचाच तर बाजूला घ्या.

टाक्यांखाली लोंबणारा दोरा 'निसटलेला' समजून कापू नका. मूल जमिनीतल्या चुलीत पडू लागलं तर देवाने तो धरून वर ओढावं, म्हणून तो मुद्दाम सोडलेला असे. खांद्यावरच्या आणि कमरेच्या शिवलेल्या घड्याही उसवू नका. मूल वाढेल तशी त्या सोडायची सोय होती.

ठिगळांचा कपडा दिसला की गरिबी आठवते. पण ह्याकुतोकू किमोनोसाठी घरोघरून तुकडे मागून आणत, अनेकांचं आयुष्य बाळाला लाभावं म्हणून. कानाझावाच्या शिन्जोजी मंदिरात असे नवसाचे कपडे जपलेले आहेत. एखादं ठिगळ विरलं तर ते काढून नवं बसवण्याऐवजी मागून पातळ जाळीचा आधार द्या.

घालताना डावी बाजू वर हवी. उलट घडी मृताला घालतात. शिचि-गो-सानला, म्हणजे 15 नोव्हेंबरच्या सणाला, तीन वर्षांची मुलगी किमोनोवर हिफू (बिनबाह्यांचं जाकीट) घालते. त्या हिफूवरून पट्टा बांधायचा नसतो.

कापसाचा कपडा मशीनमध्ये टाकलात तर आत गोळे होतात. झालेच असतील तर अस्तर खालच्या काठाला उसवा, कापूस हाताने पिंजून पसरा आणि पुन्हा टाचा. जपानी घरांतही किमोनो उसवूनच धूत असत. लाल कापड असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा दाबून पाहा. रंग उतरला तर पाणी लावूच नका, सावलीत हवेवर टांगा.