कोल्पोस्कोपीच्या रिपोर्टमधल्या रक्तवाहिन्या कशा वाचायच्या

मागच्या महिन्यात जाऊबाईंना घेऊन कोपरखैरण्याहून ठाण्याला कोल्पोस्कोपीला (गर्भपिशवीच्या तोंडाची दुर्बिणीतून तपासणी) गेले होते, परतीच्या लोकलमध्ये त्या रिपोर्ट धरून एकच विचारत होत्या, "अगं हे मोझॅक म्हणजे काय, आमच्या जुन्या चाळीतल्या लादीला म्हणायचे तेच का?" तर हो, तेच.

होतं असं की पिशवीच्या तोंडाशी एचपीव्ही हा विषाणू (जास्त करून त्याचे 16 आणि 18 हे प्रकार) वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसला की त्याची ई6, ई7 ही प्रथिनं पेशींचा आवर सोडवतात, मग त्या पेशी व्हीईजीएफ नावाचं रसायन जास्त सोडतात आणि आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात. हे कॅन्सर व्हायच्या आधीच, सीआयएन 2-3 मध्येच (म्हणजे पेशींमधले कॅन्सरच्या आधीचे बदल) दिसायला लागतं, म्हणून तर वेळीच पकडता येतं.

तपासणीला पाळीचे दिवस टाळा, आदल्या दिवशी संबंध नको, आत लावायची क्रीम-गोळी नको. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. डॉक्टर आधी सलाइनने पुसून हिरव्या फिल्टरमधून बघतात, त्यात लाल रक्तवाहिन्या काळ्या उठून दिसतात. अॅसिटिक अॅसिड नंतर लावतात, कारण ते लावलं की त्या फिकट होतात.

आता रिपोर्ट. पंक्चुएशन म्हणजे ठिपके, मोझॅक म्हणजे लादीसारखी जाळी. पुढे 'फाइन' लिहिलंय का 'कोर्स' ते आधी बघा. फाइन म्हणजे बारीक, ते बरेचदा सौम्य बदलात दिसतं, साध्या सुजेतही. कोर्स म्हणजे ठिपके जाड आणि एकमेकांपासून लांब लांब, तिथे सीआयएन 2-3 चा संशय असतो. आणि 'अॅटिपिकल व्हेसल्स' असेल, म्हणजे स्वल्पविरामासारख्या, स्क्रूसारख्या पिळलेल्या, मध्येच जाड मध्येच बारीक, तर बायोप्सी (तिथला छोटा तुकडा काढून तपासणं) अजिबात पुढे ढकलू नका, मुलांची परीक्षा असो की घरात लग्न असो. पण नक्की काय ते बायोप्सीच सांगते, नुसत्या या शब्दांवरून रडत बसू नका.

या नव्या वाहिन्या नाजूक असतात, धक्का लागला की फुटतात, म्हणून संबंधानंतर लाल जातं. जाऊबाईंनी तीन महिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं, मलासुद्धा. प्लीज सांगा गं.

बायोप्सी झाली की रिपोर्टच्या कागदाबरोबर स्लाइड (काचपट्टी) आणि ब्लॉकपण (मेणात बसवलेला तुकडा) मागून घ्या, उद्या खारघरच्या टाटामध्ये दाखवायची वेळ आली तर ते लागतातच.