भांडण टॉवरवर पोचण्याआधी : वॉटर पार्क आणि राइडवरच्या कर्मचाऱ्यांसाठी

पार्कात वाद कुठे पेटतो, त्यावर तो किती महागात पडणार हे ठरतं. तिकीट खिडकीवर आवाज चढला तर पाच मिनिटं जातात. तोच आवाज स्लाइडच्या टॉवरवर, ओल्या पायऱ्यांवर, मागे चाळीस माणसं खोळंबलेली असताना चढला तर कुणीतरी घसरून पडतं. म्हणून चिडलेल्या पाहुण्याला सांभाळण्याचं निम्मं काम तो चिडायच्या आधीचं आहे. त्याला जे 'नाही' ऐकावं लागणार आहे, ते तो खाली असताना, पैसे भरायच्या आधी ऐकवायचं.

विरार-अर्नाळा असो की कर्जत-खोपोली, मे महिन्यातल्या रविवारचे वाद ठरलेले असतात : मुलांची उंची, कॉस्च्युम, बाहेरचं खाणं, लॉकरचं डिपॉझिट, रांगेत घुसणं, दारू, आणि अचानक बंद झालेली राइड. यातल्या पहिल्या चारांचा निकाल गेटवरच लागू शकतो.

उंची

राइडला १२० सेंमीची अट आहे आणि ११७ सेंमीचं पोर तासभर उन्हात उभं राहून वर पोचलं, तर बाप भडकणारच. तिथे चूक त्याची नाही, त्याला वरपर्यंत येऊ देणाऱ्यांची आहे. मोजमाप प्रवेशद्वारावर एकदाच करा : भिंतीला पक्की बसवलेली पट्टी, चप्पल-बूट काढलेले, टाचा मागे टेकलेल्या, अंबाडा किंवा पोनीटेल असेल तर फळी डोक्याला लागेपर्यंत केस दाबलेले. मग उंचीच्या गटाप्रमाणे मनगटाला रंगीत पट्टा. राइडवरच्या माणसाने फक्त पट्टा बघायचा. हातातली टेप वापरू नका. ती वाकडी धरली की मूल दोन सेंमी वाढतं, आणि हे पालकांना तुमच्याआधी कळतं.

कारण सांगताना 'कंपनीचा नियम आहे' म्हणू नका. 'सीटवर अडकवून ठेवणारा बार त्याच्या मांडीवर बसत नाही, फट राहते' असं सांगा आणि शक्य असेल तर रिकाम्या सीटवर दाखवा. 'मी धरून बसतो' हे उत्तर हमखास येतं. वळणावर जोर तिप्पट झाला तर २५ किलोचं मूल हाताला ७५ किलोचं लागतं, कुणालाच धरता येत नाही. 'लिहून देतो, माझी जबाबदारी' याला एकच उत्तर : 'सर, तसं लिहून घ्यायची सोयच नाही.'

यात सगळ्यात मोठी माती होते ती दोन शिफ्टच्या दोन वागण्यांमुळे. 'मघाशी दुसऱ्याने बसवलं होतं' हे बऱ्याचदा खरं असतं. पाहुण्यासमोर सहकाऱ्याला खोटं पाडू नका आणि त्याचीच चूक पुन्हाही करू नका. 'आत्ता मला बसवता येणार नाही' एवढं म्हणा, नंतर सुपरवायझरला कळवा. पुन्हा मोजायचं झालंच तर एकाच ठिकाणी, गेटच्या त्याच पट्टीवर.

कॉस्च्युम आणि पिशव्या

भाड्याच्या कॉस्च्युमवरून लोक चिडतात, कारण त्यांना वाटतं हा पैसे उकळण्याचा धंदा आहे. सुती कापडाचे धागे सुटून फिल्टरमध्ये अडकतात, जीन्स पाणी पिऊन जड होते, चेन आणि बटणं फायबरग्लासच्या स्लाइडला ओरखडे पाडतात आणि पुढच्याची पाठ सोलते. ही तीन कारणं भाड्याच्या दरासकट तिकीट खिडकीच्या आधी मराठी-हिंदी-गुजरातीत मोठ्या अक्षरात लावा. पावती फाटल्यानंतर सांगितलेला नियम फसवणूकच वाटतो. साडी किंवा ड्रेसमध्ये आलेल्या बाईंशी महिला कर्मचाऱ्यानेच बोलावं. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ नायलॉनचा कॉस्च्युम समोर टांगलेला असला तर बोलायचीही गरज फारशी पडत नाही.

पिशवी तपासताना आपण हात घालायचा नाही. 'काका, जरा उघडून दाखवता का' म्हणायचं आणि त्यांनाच उघडू द्यायचं. लहान बाळाचं खाणं आणि औषधं यांवर वाद घालणारा गेटकीपर पार्कला महाग पडतो. ती सोडायची हे लेखी ठरवून टाका.

उभं कसं राहायचं, बोलायचं काय

दोन हातांचं अंतर ठेवा. छातीला छाती भिडवून नको, थोडं तिरकं उभं राहा. तळवे उघडे, बोट रोखायचं नाही, गॉगल काढलेला. त्याच्या आणि बाहेर जायच्या वाटेच्या मध्ये उभे राहू नका, आणि तुमच्या पाठीशी कठडा किंवा पाण्याची कड नसावी. पहिला अर्धा मिनिट त्याला मध्ये न तोडता बोलू द्या. माणूस एका दमात फार वेळ ओरडू शकत नाही. दम घ्यायला थांबतो तेव्हा तुमची पाळी. तुमचा आवाज त्याच्यापेक्षा एक पट्टी खाली.

'शांत व्हा', 'नियम म्हणजे नियम', 'बोर्ड वाचता येत नाही का' ही वाक्यं आगीत तेल ओततात. त्याऐवजी झालेल्या त्रासाचं नाव घ्या आणि दोन पर्याय द्या : 'एवढा वेळ उन्हात उभे राहिलात, कुणालाही राग येईल. याला ही राइड मिळणार नाही. ती समोरची आत्ता मिळेल, नाहीतर साहेबांशी बोलणं करून देतो.' तो अरे-तुरेवर आला तरी तुमचं 'तुम्ही' सोडू नका. 'ओळखतोस का मला?' याला उत्तर द्यायचंच नाही, कोण कुणाचा माणूस आहे ही चौकशीही नको. 'साहेब येतायत, तोवर सावलीत बसा' एवढंच.

राग त्याचा असतो, पण त्याला टिकवून ठेवतात बघणारे. बायको-मुलांसमोर, मित्रांसमोर माघार घेणं जड जातं. म्हणून चार पावलं बाजूला, सावलीत न्या, पाणी द्या. सहलीची बस आली असेल तर ओरडणाऱ्याला सोडून सहल ठरवणाऱ्याला गाठा. बुकिंग त्याच्या नावावर असतं, त्याचं गटात ऐकतात. मोबाइलवर कुणी शूटिंग करत असेल तर करू द्या. फोन हिसकावला की क्लिप तुमचीच फिरते. चेंजिंग रूमजवळ कॅमेरा दिसला तर मात्र लगेच सिक्युरिटी आणि पोलीस.

कन्सोलवर असाल तर

कन्सोल म्हणजे राइड चालवायचं पॅनेल. राइड फिरत असताना वाद घालायचाच नाही. नजर राइडवर, तोंडातून एकच वाक्य : 'ही फेरी उतरू द्या.' भांडणासाठी इमर्जन्सी स्टॉप दाबू नका. काही राइड वरच थांबतात आणि मग अडकलेली बारा माणसं उतरवत बसावं लागतं. कुणी कुंपण ओलांडून राइडच्या वाटेत घुसलं तर मात्र क्षणाचाही विचार न करता दाबा. फेरी स्टेशनला आली की पुढची सोडू नका, बार उघडून बसलेल्यांना उतरवा, किल्ली काढून खिशात घाला आणि मगच त्या माणसाकडे वळा. किल्ली पॅनेलवर ठेवून बाजूला झालेला ऑपरेटर हा चिडलेल्या पाहुण्यापेक्षा मोठा धोका आहे.

टॉवरवर कुणी अडून बसला, 'जाणार तर इथूनच' म्हणाला, तर ढकलाढकली नको. त्या स्लाइडवर सोडणं बंद करा, मागची रांग शेवटच्या माणसापासून खाली उतरवा, वॉकीटॉकीवर ठरलेला कोड द्या. पायऱ्या मोकळ्या झाल्याशिवाय त्याला हात लावून खाली आणायचा प्रयत्न करू नका. प्रेक्षक गेले की बरेच जण स्वतःच उतरतात.

राइड बंद पडली तर लोक बंद राइडपेक्षा गप्प बसलेल्या कर्मचाऱ्यावर जास्त चिडतात. वीज कडाडली, पूल रिकामा केला, की लगेच कारण आणि पुढची घोषणा कधी होईल ती वेळ सांगा. अंदाज नसेल तर 'दर पंधरा मिनिटांनी सांगतो' म्हणा आणि खरंच सांगा. परत यायचा पास किंवा कूपन द्यायचं तर रांगेतल्या सगळ्यांना. फक्त ओरडणाऱ्याला दिलं की मागचे दहा जण ओरडायला शिकतात.

दारू

प्यायलेल्याने पाण्यात उतरायचं नाही, राइडवर बसायचं नाही, इथे तडजोड नसते. पण त्याला गेटबाहेर हाकलून मोकळं होऊ नका. तो गाडी चालवेल किंवा महामार्गावर जाऊन उभा राहील. गटातल्या शुद्धीत असलेल्या दोघांच्या ताब्यात द्या, सावलीत बसवा, आपला एक माणूस लक्ष ठेवायला ठेवा. झोपला तर कुशीवर वळवा, उताणा नको, उलटी श्वासनलिकेत जाते. उठवूनही उठत नसेल तर १०८ लावा. आणलेली बाटली बहुधा कोल्ड्रिंकची असते आणि लॉकरमध्ये असते, म्हणून लॉकरकडे दर वीस मिनिटांनी जाणारा गट लाइफगार्डने हेरून ठेवावा.

छेडछाड

वेव्ह पूलमध्ये लाटा सुरू झाल्या की काही टोळकी मुद्दाम बायकांच्या घोळक्याभोवती सरकतात. तसं दिसलं तर तक्रारीची वाट बघू नका : लाटा बंद, शिट्टी, टोळकं बाहेर. तक्रार आली तर 'नक्की का? चुकून लागलं असेल' हे शब्द तोंडातून काढू नका. तिला महिला कर्मचाऱ्याबरोबर वेगळ्या खोलीत न्या, त्याला विरुद्ध बाजूला. 'माफी माग आणि मिटवा' ही मांडवली आपल्या अधिकारात नाही. ११२ लावायचा का, हे तिला विचारा. छेडछाड लहान मुलाची झाली असेल तर विचारायचा प्रश्नच नाही, पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

हेच पाहुण्याने महिला कर्मचाऱ्याला केलं तरी लागू. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्यात तिथे येणाऱ्या बाहेरच्या लोकांपासूनही तिला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. 'गिऱ्हाईक आहे, सोड' म्हणणारा सुपरवायझर कायद्यालाच बगल देतो.

हात उगारला तर

मागे सरा, कोड द्या, तिघे जमेपर्यंत अंगावर जाऊ नका. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण वार थांबवण्यापुरताच. तो खाली पडल्यावर घातलेली लाथ ही मारहाण धरली जाते. इथे सिक्युरिटीवाले नेहमी एक घोळ घालतात : पकडून ऑफिसात कोंडतात. साधी दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११५(२), हा अदखलपात्र (पोलिसांनाही वॉरंटशिवाय अटक करता येत नाही असा) आणि जामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी खाजगी माणसाला कुणाला अटक करता येत नाही, कोंडलं तर उलट बेकायदा कोंडून ठेवण्याचं कलम १२७ तुमच्यावर लागू शकतं. तिथे ११२ ला फोन, फोटो, साक्षीदार, पोलिसांत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला, उदाहरणार्थ कलम ७४ चा विनयभंग, तर धरून ठेवता येतं, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं.

त्याच दिवशी रजिस्टरमध्ये लिहा : वेळ, जागा, जवळचा कॅमेरा क्रमांक, दोन साक्षीदार, आणि शब्द जसेच्या तसे. 'अर्वाच्य शिवीगाळ केली' असं नको, शिवी होती तीच लिहा. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून संध्याकाळीच कॉपी काढून ठेवा. ज्याच्याशी वाद झाला त्या ऑपरेटरला लगेच कन्सोलवर परत बसवू नका. हात थरथरत असतात आणि बार तपासताना नजर चुकते. वीस मिनिटं चहा-पाणी, मग दुसऱ्या राइडवर ड्युटी, कारण तोच गट तासाभराने त्याच रांगेत पुन्हा येतो.