एफ९ दाबलं, एन्टर दाबलं आणि ४८० रुपये चिकटले

एमएस-सीआयटी झालेली आहे, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर येतं, बी.कॉम.चा निकाल हातात आहे आणि नागपुरात इतवारीतल्या किंवा कळमन्यातल्या एखाद्या पेढीवर पहिल्यांदाच हिशेबाला बसणार आहात, असं धरून लिहिते. कीबोर्डच्या वरच्या ओळीत एफ१ ते एफ१२ अशी बटणं असतात, हे तुम्हाला सांगायला नको. मलाही ठाऊक होतं. तरी पहिल्या दोन महिन्यांत तीनदा रडले, त्यातलं एकदा ऑफिसच्या कूलरमागे.

टॅलीत बोटं लवकर बसतात. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. चार दिवसांत खाली बघायची गरज उरत नाही. गोंधळ होतो तो तीच बोटं दुसऱ्या खिडकीत गेल्यावर. एक्सेलमध्ये एफ७ दाबलं की स्पेलिंग तपासायला घेतं, आणि आपल्या पार्ट्यांची नावं त्याला सगळीच चूक वाटतात. एफ५ने ‘कुठे जायचं’ असं विचारणारी चौकट उघडते. ब्राउझरमध्ये एफ५ म्हणजे पान नव्याने लोड. अर्धा भरलेला फॉर्म माझ्या डोळ्यांदेखत कोरा झाला होता.

यात तुमचा दोष नाही. या बटणांना स्वतःचा असा अर्थच नाही. १९८१च्या आयबीएम पीसीवर ती १० होती आणि डाव्या बाजूला दोन उभ्या रांगांत होती. पुढे १२ झाली आणि वर गेली. कुठल्या बटणाने काय करायचं, ते ज्याने त्याने आपापल्या प्रोग्रॅममध्ये ठरवलं. म्हणून ‘१०० शॉर्टकट एका पानात’ छापाचे जे तक्ते व्हॉट्सॲपवर फिरतात, ते सरळ डिलीट करा. मी एक लॅमिनेट करून टेबलावर लावला होता. त्यावर चहाचा कप ठेवायची सोय झाली, एवढंच.

लॅपटॉप मिळाला असेल तर आणखी एक. एफ२ दाबल्यावर एक्सेलमधला सेल, म्हणजे एक चौकोन, उघडण्याऐवजी आवाज किंवा उजेड कमी झाला, तर एक्सेल बिघडलेलं नाही. एफएन धरून एफ२ दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ही अदलाबदल टिकून राहते. झालं, पुढे.

आता माझा खड्डा.

आमच्याकडे डाळीचा हिशेब एक्सेलमध्ये असायचा. एका ओळीत पार्टीचं नाव, कट्टे म्हणजे पोती, भाव आणि शेवटी रक्कम. रकमेचा फॉर्म्युला साधा: कट्टे गुणिले भाव, अधिक कंसात कट्टे गुणिले हमाली. हमालीचा दर वर एकाच सेलमध्ये, कट्ट्याला ८ रुपये. तो सेल खाली ओढताना सरकू नये म्हणून त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबायचं, डॉलरची चिन्हं लागतात. हे मला येत होतं आणि त्याचा मला बराच माज होता.

आमचे सिनिअर काका एक दिवस म्हणाले, “फॉर्म्युल्यावर भरवसा नसेल ना, तर तेवढा तुकडा सिलेक्ट कर अन् एफ९ दाब. आकडा दिसते.” मी पहिल्याच ओळीत एफ२ने फॉर्म्युला उघडला, हमालीचा कंस सिलेक्ट केला, एफ९ दाबलं. कंसाच्या जागी ४८० आलं. साठ कट्टे, आठ रुपये, बरोबर. खुशीत एन्टर दाबलं, सेलच्या कोपऱ्यातल्या ठिपक्यावर डबल क्लिक करून फॉर्म्युला खालपर्यंत भरला आणि तर्री पोहे खायला गेले.

एफ९ने आकडा नुसता दिसत नाही. तो तुकडा खोडून त्याच्या जागी आकडा लिहिला जातो. एस्केप दाबलं तर जुना फॉर्म्युला परत येतो, एन्टर दाबलं तर आकडा कायमचा बसतो. काहीच सिलेक्ट न करता एफ९ दाबलं तर अख्खा फॉर्म्युलाच जाऊन एक आकडा उरतो. कुठे लाल खूण नाही, इशारा नाही. माझ्या पहिल्या ओळीची रक्कम तर पैशानेही बदलली नाही: साठ कट्टे, ५,००० भाव, ३,००,४८०. आधीही तेवढीच, नंतरही तेवढीच. खालच्या सगळ्या ओळींत मात्र कट्टे कितीही असोत, हमाली ४८०. लाखांच्या रकमेत ती कोणाला दिसणार?

दिसली उमरेडच्या एका दुकानदाराला. हिशेबाचे कागद पार्ट्यांना गेल्यावर त्याचा फोन आला, “ताई, पाच कट्ट्याले चारशे ऐंशी हमाली लावता का हो तुम्ही?” ४० रुपये व्हायला हवी होती. शंभर कट्टेवाल्यांना ८०० लागायला हवे होते, त्यांनाही ४८०च लागले होते. त्यांच्यातल्या एकाचाही फोन आला नाही.

शेठजी ओरडले नाहीत. “सगळ्यांना तूच फोन लाव,” एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तुमचं असं झालं तर आधी कंट्रोल धरून एस्केपच्या खालचं, १च्या डावीकडचं बटण दाबा. सगळ्या सेलमधले आकडे जाऊन फॉर्म्युले दिसतात. एक कॉलम वरून खाली वाचत जा, अडकलेला आकडा लगेच डोळ्यात येतो. तेच दाबलं की पुन्हा पहिल्यासारखं. आणि असले प्रयोग करण्याआधी एफ१२ दाबून फाइल वेगळ्या नावाने ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे, कंटाळू नका.

काकांवर मी महिनाभर धुमसत होते. एस्केपचं सांगितलं का नाही? मग एकदा त्यांच्या शेजारी बसून स्क्रीनऐवजी त्यांचा डावा हात बघितला. एफ९ झालं की करंगळी आपोआप एस्केपवर जात होती. त्यांना विचारलं तर म्हणाले, “मी? एस्केप? नाही बा.” खरंच ठाऊक नव्हतं त्यांना. म्हणून सिनिअर काय सांगतो ते वहीत उतरवत बसू नका, त्याची बोटं बघा. ‘मी सांगतो तसं कर’ म्हणत जो तुमचा माऊस हिसकावून घेतो, त्याच्याकडून तर काहीच शिकायला मिळत नाही.

तेव्हाच लक्षात आलं की काकांच्या कीबोर्डवर एफ१ची टोपीच नाही. तुटली असेल असं मला वाटायचं. त्यांनी ती पेचकसाने मुद्दाम काढली होती. एफ२ किंवा एस्केप दाबताना बोट एफ१वर पडलं की मदतीची खिडकी उघडते आणि त्यांचं डोकं फिरतं. टोपी ड्रॉवरमध्ये रबरबँडांच्या डबीत ठेवलेली आहे.

माझं एफ१ अजून जागेवर आहे. दिवसातून दोनदा तरी ती खिडकी उघडते. काढायचं मनात येतं, पण कीबोर्ड पेढीचा आहे आणि शेठजींना अजून ते ४८० आठवतात.