लेझरचा संरक्षक चष्मा तपासताना या चुका टाळा

लेझर पॉइंटर काढायचा, चष्म्याच्या काचेतून भिंतीवर मारायचा, ठिपका दिसेनासा झाला की चष्मा पास. ही चाचणी सर्रास होते आणि तिच्यावर कुणीही विसंबू नये. ठिपका हजारपट मंद झाला काय नि दहा लाख पट झाला काय, उजेडाच्या खोलीत भिंत दोन्ही वेळा सारखीच दिसते. त्यात बरेच हिरवे पॉइंटर आतून साधे नसतात. ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीच्या डायोडवर १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त किरण तयार होतो आणि त्यातून ५३२ चा हिरवा. आत अवरक्त फिल्टर नसेल तर हे न दिसणारे किरणही बाहेर पडतात, आणि ५३२ साठी घेतलेला चष्मा ते अडवेलच असं नाही. काचेच्या रंगावरून तर काहीच ठरवू नका.

प्रकाशाची शक्ती मोजणारा मीटर लावला तरी घोटाळा संपत नाही. काच प्रकाश किती अडवते याचं माप म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी, थोडक्यात ओडी. ओडी ३ असेल तर हजारातला एक भाग पार जातो, ओडी ६ असेल तर दहा लाखांतला एक. म्हणजे १०० मिलिवॅटचा बीम ओडी ६ च्या काचेमागे फक्त ०.१ मायक्रोवॅट उरतो. मिलिवॅट मोजणारं थर्मल हेड, म्हणजे उष्णतेवरून शक्ती मोजणारा डिटेक्टर, तिथे शून्य दाखवणार, आणि ते शून्य मीटरच्या मर्यादेचं असतं, काचेच्या गुणाचं नव्हे. एकेका तरंगलांबीचा किती प्रकाश पार जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचंही तसंच. त्याच्या आत ०.०१ टक्का भटका प्रकाश फिरत असेल, तर काच कितीही चांगली असो, आकडा ओडी ४ च्या वर जाणार नाही.

म्हणून आधी चाचणीचीच चाचणी घ्या. चष्म्याच्या जागी धातूची जाड पट्टी ठेवा. तरीही मीटरवर तेवढाच आकडा आला, तर इतका वेळ तुम्ही काच मोजत नव्हता, खोलीतला प्रकाश आणि मीटरचा स्वतःचा गोंगाट (नॉइज) मोजत होता. मग फोटोडायोडचा डिटेक्टर घ्या, अंधार करा, बीम ठरावीक लयीत तोडणारा चॉपर आणि फक्त त्याच लयीचा सिग्नल मोजणारा लॉक-इन वापरा.

उलटा फसवा आकडाही येतो. रंगद्रव्य घातलेल्या काही प्लास्टिकच्या काचा हिरवा बीम शोषतात आणि जिथे तो शिरतो तिथे केशरी उजळतात. डिटेक्टर काचेला चिकटवून ठेवला असेल तर तोही उजेड गळती म्हणून मोजला जातो आणि चांगली काच नापास होते. डिटेक्टर मागे सरकवा आणि त्याच्यापुढे फक्त ५३२ सोडणारा अरुंद फिल्टर लावा. चमक चहूकडे पसरून विरते, बीम सरळच येतो.

बीम समोरून काटकोनात लावून मोकळं होणं ही पुढची चूक. परावर्तक थरांच्या काचेत कोन वाढला की अडवली जाणारी तरंगलांबी कमी होत जाते. थरांचा परिणामी अपवर्तनांक १.८ धरला, तर ५३२ ला बसवलेला अरुंद पट्टा ३० अंशांवर ५११ च्या आसपास सरकतो. अपघातात किरण काटकोनातच येईल असं कुणी सांगितलंय? तिरकं मोजाच.

क्षीण प्रकाशात मिळालेला ओडी जोरदार पल्सला लागू पडेल असंही धरू नका. अतिशय तीव्र, छोट्या पल्समध्ये काही रंगद्रव्यं तात्पुरती संपृक्त होतात, म्हणजे आणखी प्रकाश शोषू शकत नाहीत, आणि तेवढ्या क्षणापुरती काच पारदर्शक होते. म्हणूनच युरोपच्या ईएन २०७ मानकात डी, आय, आर, एम अशी अक्षरं असतात: सलग बीम, लांब पल्स, नॅनोसेकंदांची क्यू-स्विच पल्स (साठवलेली ऊर्जा एकदम सोडणारी) आणि त्याहून छोटी. फक्त डी लिहिलेला चष्मा क्यू-स्विच लेझरजवळ चालणार नाही. त्याच मानकात फिल्टरइतकीच फ्रेमही थेट बीमपुढे टिकावी लागते. बाजूच्या झडपा म्हणूनच तपासायच्या.

काचेतून दिसतं किती, तेही मोजा. पलीकडचं नीट दिसत नसेल तर माणूस काम करताना चष्मा कपाळावर चढवतो, आणि तिथे ओडी ७ चाही काही उपयोग नाही.

चाचणी कधीही चष्मा डोळ्यावर ठेवून करू नका. तो स्टँडवरच हवा. आणि पूर्ण शक्तीचा बीम सोसलेली काच, वरून कितीही स्वच्छ दिसली तरी, मार्करने फुली मारून कायमची बाजूला ठेवा.