क्रोशाची टोपी डोक्यावर नीट बसत नाही? या चुका टाळा

टोपी सैल झाली की बहुतेक जण काठाचे टाके कमी करतात, घट्ट झाली की काठ ओढून बघतात. दोन्ही उपाय वाया जातात, कारण टोपीचं माप काठावर नव्हे, माथ्याच्या गोलातच ठरतं.

वयावरून माप धरणं. पाच वर्षांच्या दोन मुलांच्या डोक्यात सहज दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असतो. भुवयांच्या जरा वरून, कानांवरून आणि मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवा. टोपी या घेरापेक्षा ३ ते ४ सेंमी लहानच हवी, लोकर ताणून तेवढं भरून काढते. घेराइतकीच विणलेली टोपी डोळ्यांवर उतरणारच.

आधी छोटा नमुना-तुकडा न विणणं. कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून ४ प्लाय (चार पदरी) म्हणूनच दोन गुंडे आणले, तरी दोन कंपन्यांचे धागे सारखे जाड असतील असं नाही. त्यात प्रत्येकीचा हात वेगळा. ४ मिमीच्या सुईवर १० सेंमीत किती खांब (सुईवर एकदा दोरा घेऊन विणलेले उंच टाके) बसतात ते मोजा. खालचा हिशेब १६ खांबांचा आहे.

सगळ्या मापांना पूर्ण फेऱ्यांनीच वाढवणं. सगळ्यात जास्त टोप्या इथेच बिघडतात. सुरुवातीच्या दोऱ्याच्या कड्यात १२ खांब घेऊन दर फेरीला १२ वाढवले की एका फेरीत घेर ७.५ सेंमीने वाढतो. सहाव्या फेरीला ७२ खांब, म्हणजे ४५ सेंमी. सातव्याला ८४, म्हणजे ५२.५ सेंमी. ४८ च्या डोक्याला ७२ ठीक, ५६ ला ८४ ठीक. पण ५२ च्या डोक्याला पहिली आवळते आणि दुसरी लोंबते. अशा वेळी अर्धी वाढ घ्या: ७२ नंतर ११ साधे खांब, बाराव्या टाक्यात दोन, असं सहा वेळा. ७८ खांब होतात. ६० च्या डोक्यासाठी ८४ वरून १३ साधे आणि एक वाढ, असं सहा वेळा करून ९० करा. त्यानंतर वाढ बंद, सरळ विणा.

माथ्याचा गोल ताटासारखा सपाट राहायला हवा. कडेला झालर आली तर वाढ जास्त झाली, वाटीसारखा वळला तर कमी. मुक्या खांबाला (बुटका टाका) दर फेरीत ६, अर्ध्या खांबाला (मधल्या उंचीचा) साधारण ८ आणि पूर्ण खांबाला १२ वाढ लागते. टाका बदलून वाढ तीच ठेवली की गोल बिघडतो. वाढी दर फेरीला एकावर एक आल्या तर माथ्याला कोपरे पडतात, म्हणून त्यांची जागा सरकवा.

सरळ भाग विणताना टोपी हळूहळू अरुंद होत असेल तर फेरीचा शेवटचा टाका निसटतो आहे. फेरीच्या सुरुवातीच्या ३ साखळ्या पहिला खांब म्हणून धरल्या असतील, तर शेवटी त्यांच्या तिसऱ्या साखळीतच जोड द्या आणि तिथे रंगीत दोरा अडकवा. दर तीन फेऱ्यांनी टाके मोजा. चूक माथ्यात सापडली तर तिथपर्यंत उसवा, खाली ती झाकता येत नाही.

उंचीसाठी एका कानाच्या पाळीपासून डोक्यावरून दुसऱ्या पाळीपर्यंत मोजा आणि निम्मं करा. काठ दुमडायचा असेल तर ५ सेंमी जास्त. काठाच्या दोन-तीन फेऱ्या अर्धा मिमी बारीक सुईने विणल्या की तो लवकर सैल पडत नाही.

बारशाचं टोपडं जन्माच्या मापावर विणू नका. जन्मतः डोकं साधारण ३५ सेंमी असतं, तीन महिन्यांत ४० च्या आसपास जातं. ६० खांबांचं, म्हणजे ३७.५ सेंमीचं टोपडं करा, सुरुवातीला काठ दुमडून घाला. लांब बंद लावू नका, ते गळ्याशी आवळू शकतात, आणि बाळ झोपल्यावर टोपडं काढून ठेवा.

कोल्हापुरात थंडीतही दुपारी ऊन असतं, रंकाळ्यावर सकाळी फिरायला खांबांची टोपी पुरते. पन्हाळ्यावर किंवा जोतिबाला मात्र वारं खांबांच्या फटींतून आत शिरतं. तिथे अर्धा खांब घ्या, पण वाढीचा हिशेब नव्याने करून. आणि अ‍ॅक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री नको: ती एकदा ढिली पडली की पुन्हा आवळत नाही, मग बरोबर मापाची टोपीही सैल होते.