चुकीचं क्लिक स्वस्तात पडावं म्हणून

गेल्या जुलैत सोसायटीतले एक काका हातात पेनड्राइव्ह घेऊन आमच्या दारात उभे राहिले. "अरे, इन्कम टॅक्स रिफंडची मेल आली म्हणून उघडली. आता हिच्या भिशीतल्या सगळ्या बायकांना माझ्या नावाने मेल जातायत. मेलमधली ती झिप फाइल यात आणलीय, जरा बघतोस?" पेनड्राइव्ह मी हातात घेतला, पण माझ्या कॉम्प्युटरला लावला नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेले. सह्या ताडून बघण्यात आयुष्य गेलं, तरी फसले. जुलै म्हणजे विवरणपत्रांचा हंगाम, डोक्यात रिफंड घोळत होता आणि मेल नेमकी त्याच विषयाची. अशा वेळी कोणाचंही बोट घसरतं. म्हणून मी कोणाला नुसतं 'सावध राहा' असं सांगत नाही. बोट घसरलं तरी नुकसान थोडक्यात आटोपेल, अशी मांडणी आधी करून ठेवायची. मेलमधून येणारे व्हायरस आणि स्पॅम यांच्या बंदोबस्ताचं पुढचं सगळं विंडोजवाल्या घरगुती कॉम्प्युटरसाठी आहे. एका रविवारच्या दुपारी उरकतं.

१. फाइलचं आडनाव दिसू द्या

हे सगळ्यात आधी करा, दोन मिनिटांचं काम आहे. फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर जे येतं (पीडीएफ, जेपीजी, ईएक्सई) ते तिचं आडनाव, म्हणजे एक्स्टेन्शन. फाइलचं कूळ त्यावरून कळतं, आणि विंडोज नेमकं तेच लपवून ठेवतं.

४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' अशा विषयाची मेल जगभर पसरली. उगम फिलिपाइन्समधला. सोबतच्या फाइलचं पूर्ण नाव होतं 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. शेवटचं व्हीबीएस लपलेलं असल्याने लोकांना साधी मजकुराची फाइल दिसली. प्रत्यक्षात तो प्रोग्राम होता. उघडल्याबरोबर त्याने आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवली आणि कॉम्प्युटरवरचे फोटो पुसून त्या जागी स्वतःला लिहिलं. इतक्या वर्षांनंतरही आडनाव लपवण्याची सवय विंडोजने सोडलेली नाही. का, ते मला आजवर उमगलेलं नाही.

विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, मग शो, मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. विंडोज १० मध्ये ती चौकट व्ह्यूच्या पट्टीतच आहे. आता 'रिफंड डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' असं सोंग आलं तर डोळ्याला खुपेल. मेलमधून आलेल्या ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ या आडनावांच्या फाइली उघडायच्याच नाहीत. घरच्या माणसाला मेलवरून असलं काही लागत नाही.

२. रोजच्या वापराला मालकाची किल्ली नको

बहुतेक घरांत एकच खातं असतं आणि ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं. म्हणजे तुम्ही चालवलेल्या प्रोग्रामला पूर्ण घराच्या किल्ल्या मिळायला एका 'येस'चाच उशीर. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स इथे जाऊन दुसरं खातं तयार करा, त्याला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या आणि तो वहीत लिहून ठेवा. मग त्या नव्या खात्यातून तुमचं रोजचं खातं 'स्टँडर्ड युजर' करा. क्रम उलटा करू नका, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल. यापुढे काहीही इन्स्टॉल होताना वहीतला पासवर्ड विचारला जाईल. वही शोधायला कपाटापर्यंत जावं लागतं, तेवढ्यात डोकं ठिकाणावर येतं. मात्र तुमच्या खात्यातले फोटो आणि कागदपत्रं यानेही वाचतीलच असं नाही. त्यासाठी पाचवी पायरी आहे.

३. अपडेट आणि अँटिव्हायरस

अपडेट चालू ठेवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा कॉम्प्युटर झेपणारा असेल तर विंडोज ११ वर जा. विंडोजमध्ये येणारा डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. पुण्याच्या क्विक हीलसारखा विकतचा घेतलात तरी चालेल, पण एका वेळी एकच. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात.

४. मेल उजवीकडून डावीकडे वाचा

पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतं. बघायचा असतो तो पत्ता, आणि त्यातही अ‍ॅटच्या चिन्हानंतरचा भाग, तोही शेवटाकडून. इन्कम टॅक्स खात्याचा पत्ता 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन'ने संपतो. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड डॉट कॉम' असं दिसलं, तर मालक आहे 'रिफंड डॉट कॉम'. त्याच्या आधीचं सगळं उसनं. काकांच्या मेलमध्ये हीच गंमत होती. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपल्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला लावल्या आहेत, त्यामुळे बँकेची लिंक ताडणं थोडं सोपं झालंय. इंग्रजी आर आणि एन शेजारी ठेवले की एम दिसतो, तिकडेही लक्ष असू द्या. लिंकवर नुसता माउस नेला, क्लिक केलं नाही, की खरा पत्ता खाली कोपऱ्यात दिसतो. मात्र पत्ता बरोबर दिसला म्हणजे मेल खरीच, असंही नाही. ओळखीच्या माणसाचं खातं चोरून त्यातूनही मेल येते. भिशीतल्या बायकांचं तेच झालं.

आता पासवर्डवाल्या फाइलींबद्दल. आपल्या बँका स्टेटमेंटच्या पीडीएफला पासवर्ड लावतात आणि मेलमध्ये फक्त तो कसा बनतो ते सांगतात, उदाहरणार्थ जन्मतारीख. पासवर्ड तुम्हालाच ठाऊक असतो. पण झिप फाइल (एक किंवा अनेक फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं) आली आणि तिचा अख्खा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिला असेल, तर सावध व्हा. कुलूप लावून किल्ली दारातच कोण टांगतं? कुलूपबंद झिपच्या आत मेलसेवेच्या तपासणीला डोकावता येत नाही, म्हणून ही युक्ती. एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची फाइल, जोडपत्र म्हणून आली तर तेही उघडू नका, त्यात बहुधा लॉगिनचं खोटं पान असतं. वर्ड-एक्सेलची फाइल 'एनेबल कंटेंट' दाबा म्हणाली, तर बंद करा.

शंका असेल तर मेलला उत्तर देऊ नका, त्यातला नंबरही लावू नका. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून आत जा. रिफंड खरा असेल तर तिथे दिसेल.

५. फोटोंची दुसरी प्रत

काकांचे फोटो वाचले, कारण मुलीने दिवाळीला बाहेरची हार्डडिस्क आणून दिली होती. महिन्यातून एकदा जोडायची, फोटो आणि कागदपत्रं कॉपी करायची आणि काढून कपाटात ठेवायची. 'काढून' हे महत्त्वाचं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जोडलेली डिस्कही सोडत नाही.

६. स्पॅमचं काय करायचं

स्पॅमचा, म्हणजे न मागता येणाऱ्या जाहिरातबाज मेलींचा त्रास वेगळा, तो डासांसारखा. उत्तर देऊ नका, शिव्याही घालू नका; पत्ता जिवंत आहे एवढंच त्यातून कळतं. ओळखीच्या दुकानाची जाहिरात असेल तर जीमेलमध्ये नावाशेजारी येणारं 'अनसबस्क्राइब' दाबा. अनोळखी असेल तर मेलमधलं अनसबस्क्राइब न दाबता 'रिपोर्ट स्पॅम' करा. नुसतं डिलीट केल्याने फिल्टर काही शिकत नाही.

जीमेल सेटिंग्जमध्ये 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडा. अदृश्य चित्रं घालून मेल कधी उघडली याची नोंद ठेवणाऱ्यांना त्याने चाप बसतो. आणि खरेदीसाठी, मॉलमधल्या लकी ड्रॉसाठी वेगळा पत्ता काढा. बँक आणि आधारला दिलेला पत्ता मिठाईच्या दुकानात कशाला हवा? स्पॅमचा फोल्डर मात्र अधूनमधून चाळा. जीमेल तिथलं ३० दिवसांनी पुसून टाकतं आणि एखादं कामाचं पत्र त्यात अडकलेलं असतं.

७. आणि तरीही फसवी फाइल उघडलीच तर

आधी वायफाय बंद करा किंवा केबल उपटा. त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काहीही करू नका. दुसऱ्या यंत्रावरून, म्हणजे फोनवरून, मेलचा पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा) सुरू करा. मग मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स तपासा. हे बहुतेक जण विसरतात. काकांच्या खात्यात एक अनोळखी पत्ता बसलेला निघाला, त्यांना येणारी प्रत्येक मेल त्यालाही जात होती. पासवर्ड बदलूनही ती गळती चालूच राहिली असती.

त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधून 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. विंडोज सुरू होण्याआधी तो तपासतो, पंधराएक मिनिटं लागतात. तरी खात्री वाटत नसेल तर विंडोज नव्याने टाका. पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, मग बँकेला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवण्याची शक्यता जास्त.

राहिलं ओळखीच्यांना कळवायचं. तेही मेलने नको, फोनने. काकूंनी भिशीतल्या अकराही जणींना फोन केले. तोवर तिघींनी ती झिप उघडलेली होती, आणि पुढचा आठवडा मी त्या तिघींच्या घरी चहा पीत ऑफलाइन स्कॅन लावत बसलो होतो.