दुर्बिणीच्या ऑपरेशनचे फोटो पेशंटच्या रिपोर्टमध्ये: मशीन लर्निंगने लेबल लावायची पद्धत

मराठवाड्यातल्या कुठल्याही ओपीडीत "आधी काही ऑपरेशन झालंय का?" असं विचारा, "पिशवी काढलीय" हे उत्तर ऐकायला मिळेलच. कोणती पिशवी, गर्भाची की पित्ताची? अंडाशय ठेवलेत का? कागद असला तर त्यावर इंग्रजी शॉर्टफॉर्म असतात, नाहीतर तो ऊसतोडीला जाताना घरीच राहिलेला असतो. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. काय काढलं आणि काय ठेवलं, हे मराठीत लिहिलेलं हातात असण्याची गरज इथे कोणाला वेगळी सांगायला नको.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचा व्हिडिओ कॅमेऱ्यातून येतच असतो. त्यातले चार-पाच फोटो मराठी रिपोर्टात टाकायचे. ते निवडून कोणता कुठल्या टप्प्याचा हे ओळखणं, एवढंच काम मशीनला द्यायचं. सुरुवात पित्ताशयाच्या ऑपरेशनने करावी. त्याचे टप्पे बहुतेक वेळा ठरल्या क्रमाने येतात, आणि शिकवण्यासाठी तयार माहितीही मिळते: स्ट्रासबुर्ग विद्यापीठाच्या 'कोलेक८०' संचात १३ सर्जननी केलेल्या ८० ऑपरेशनचे व्हिडिओ आहेत, ७ टप्पे आणि ७ हत्यारं नोंदवलेली आहेत. परवाना संशोधनापुरता आहे, त्यावर धंदा करता येत नाही. शिवाय तिथला कॅमेरा आणि प्रकाश वेगळा असल्याने स्वतःच्या थिएटरचे किमान ५०-६० व्हिडिओ लागतातच.

रेकॉर्डिंग

कॅमेरा युनिटच्या एचडीएमआय आउटपुटला यूएसबी कॅप्चर कार्ड लावून १०८० पिक्सेल, ८ एमबीपीएसवर रेकॉर्ड करा. ४० मिनिटांचं ऑपरेशन साधारण २.४ जीबीत बसतं. फाइल एमकेव्ही प्रकारची ठेवा, एमपी४ नको. एमपी४ ची अनुक्रमणिका सहसा रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. मध्येच लाइट गेली की सगळी फाइल उघडेनाशी होते. एमकेव्हीत लाइट जाईपर्यंतचा भाग शाबूत राहतो. कॉम्प्युटरला यूपीएस द्याच, पण त्याच्या भरवशावर हा नियम मोडू नका.

पेशंटचं नाव आणि तारीख स्क्रीनच्या कोपऱ्यात येत असेल तर ती पट्टी फ्रेममधून (व्हिडिओतल्या प्रत्येक स्थिर चित्रातून) कापून टाका. गोपनीयता हे एक कारण. दुसरं असं की मॉडेल (फोटो ओळखायला शिकवलेला प्रोग्राम) आळशी असतं: एका सर्जनच्या केसेसना ठराविक अक्षरं दिसत असतील तर ते पित्ताशयाऐवजी अक्षरंच वाचायला शिकतं. दुर्बीण पोटाबाहेर असतानाच्या फ्रेम आधीच गाळा, त्यांत माणसांचे चेहरे येतात. फाइलला नाव नको, क्रमांक द्या, आणि क्रमांक-नावाची वही वेगळ्या कुलपात ठेवा. संमतीपत्र मराठीत आणि दोन भागांत घ्या: रिपोर्टसाठी वेगळी सही, मॉडेल शिकवण्यासाठी वेगळी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये संमती मागे घेण्याचा हक्क आहे, म्हणून एका पेशंटच्या सगळ्या फ्रेम क्रमांकावरून शोधून पुसता आल्या पाहिजेत.

लेबल लावणं

इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि तो जाऊ द्यावा. 'एफएफएमपेग' या व्हिडिओच्या प्रोग्रामने सेकंदाला १ फ्रेम काढा. ४० मिनिटांच्या २,४०० होतात. त्या 'सीव्हॅट' या लेबल लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. ते फुकट आहे आणि स्वतःच्या मशीनवर चालतं, त्यामुळे फोटो बाहेर जात नाहीत. लेबलं सहाच ठेवा: पहिली पाहणी, कॅलोच्या त्रिकोणाची (पित्ताशयाची नळी, यकृताची नळी आणि यकृत यांच्यामधल्या जागेची) सफाई, क्लिप (नळी व रक्तवाहिनी बंद करणारे चिमटे) लावलेल्या, यकृतापासून सोडवणं, शेवटची पाहणी, आणि सहावं 'सांगता येत नाही'. हे सहावं नसेल तर धुराच्या आणि रक्ताने भरलेल्या फ्रेम कुठेतरी कोंबल्या जातात आणि मॉडेल बिघडतं.

प्रत्येक लेबलची व्याख्या लिहून काढा. 'क्लिप लावलेल्या' म्हणजे क्लिप बसवायचं हत्यार (ॲप्लिकेटर) आत आल्यापासून, की पहिली क्लिप बसल्यावर? वाद नेमका अशा सीमेवर होतो. रिपोर्टसाठी दुसरी व्याख्या बरी, कारण पेशंटला दाखवायची ती बसलेली क्लिप. सर्जन आणि प्रशिक्षित टेक्निशियन यांनी त्याच २०० फ्रेम एकमेकांचं न पाहता लेबल कराव्यात. कोहेनचा कप्पा (दोघांची लेबलं किती जुळतात याचा आकडा, पूर्ण जुळली तर १) ०.७ च्या खाली आला तर माणसं बदलू नका, व्याख्या दुरुस्त करा.

शिकवणं

इमेजनेट या फोटोंच्या मोठ्या संचावर आधी शिकलेलं 'रेझनेट-५०' हे तयार जाळं (न्यूरल नेटवर्क) घ्या, फ्रेम २२४ × २२४ पिक्सेल करा. आधी ५ फेऱ्या फक्त शेवटचा थर ०.००१ च्या लर्निंग रेटने (शिकण्याच्या पावलाच्या आकाराने), मग सगळं जाळं ०.०००१ ने शिकवा. ८ जीबी मेमरीचं ग्राफिक कार्ड पुरतं. पुढे रोजच्या वापरात साधा सीपीयूही काही मिनिटांत एक ऑपरेशन उरकतो.

व्हिडिओंची विभागणी पेशंटनुसार करा: ६० पैकी ४२ शिकवायला, ९ पडताळणीला, ९ शेवटच्या परीक्षेला. फ्रेम सरमिसळ केल्या तर एका सेकंदाच्या अंतरावरची जुळी फ्रेम दोन्हीकडे जाते, परीक्षेत ९८ टक्के दिसतात आणि नव्या पेशंटवर मॉडेल आपटतं. एकूण टक्केवारीवर भाळू नका. सफाई आणि सोडवणं यांतच बहुतेक वेळ जातो, क्लिपचा टप्पा छोटा असतो. एकही क्लिप न ओळखता एकूण आकडा छान येऊ शकतो. प्रत्येक लेबलचा रिकॉल (त्या लेबलच्या खऱ्या फ्रेमपैकी किती ओळखल्या) वेगळा पाहा.

आणखी एक हमखास चूक: फोटो आडवे उलटवून संख्या वाढवणं. मांजर-कुत्र्याच्या फोटोंना ते चालतं. इथे डावी-उजवी बाजू हीच शरीररचना आहे, उलटवलं की यकृत भलत्या बाजूला जातं. थोडा उजेड, थोडं फिरवणं एवढंच करा. रंगछटा फार हलवू नका, पित्ताचा हिरवट आणि यकृताचा तांबूस हा फरक मॉडेलच्या कामाचा आहे.

फोटो निवडणं

मॉडेलने दिलेली प्रत्येक टप्प्याची संभाव्यता १५ सेकंदांच्या खिडकीत मीडियनने (मधल्या आकड्याने) सपाट करा, म्हणजे एखाद्या सेकंदाची उडी निघून जाते. मग प्रत्येक टप्प्यातून स्पष्टतेनुसार ३ फोटो काढा, दोघांत किमान १० सेकंदांचं अंतर ठेवून. स्पष्टता लाप्लासियन व्हेरिअन्सने (फोटोतल्या कडा किती ठळक आहेत या आकड्याने) मोजतात, पण ओल्या पृष्ठभागावर चमकणारे पांढरे ठिपके हा आकडा फुगवतात. ० ते २५५ च्या मापात २४० च्या वर उजेड असलेले पिक्सेल आधी झाका. संभाव्यता ०.६ च्या खाली असेल तर जागा रिकामी सोडा. चुकीच्या फोटोपेक्षा 'फोटो उपलब्ध नाही' बरं.

तीनपैकी एक फोटो सर्जन निवडतो. १९९५ मध्ये सर्जन स्ट्रासबर्ग यांनी मांडलेला 'क्रिटिकल व्ह्यू' (त्रिकोण मोकळा, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटा, पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोन आणि दोनच रचना) साधला की नाही, हे सर्जननेच लिहायचं. मॉडेल निदान सांगू लागलं की ते सॉफ्टवेअर मेडिकल डिव्हाइस रूल्स, २०१७ (वैद्यकीय उपकरणांचे नियम) यांच्या कक्षेत जातं.

रिपोर्ट

वाक्यं मशीनकडून रचून घेऊ नका. प्रत्येक लेबलसाठी सर्जनने तपासलेलं एकच वाक्य ठरवून ठेवा: "पित्ताची पिशवी काढण्याआधी तिच्या नळीला व रक्तवाहिनीला क्लिप लावल्या, त्या पोटात राहतील." नुसतं 'पिशवी' कधीच लिहू नका, दर वेळी 'पित्ताची पिशवी'. गाठीचा किंवा कॅन्सरचा उल्लेख नको, तो पॅथॉलॉजीच्या अहवालाचा विषय आहे.

पीडीएफ 'रिपोर्टलॅब' या पायथन लायब्ररीने थेट बनवली तर जोडाक्षरं फुटू शकतात आणि 'शस्त्रक्रिया' वाचता येत नाही. एचटीएमएल (वेबपेज) करून त्याची पीडीएफ बनवणाऱ्या 'वीझीप्रिंट'ने, नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये छापा. काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर लालसर फोटो काळाकुट्ट येतो. उजेड वाढवा, बाण पांढरा आणि त्याला काळी कड ठेवा. रक्त कमीत कमी दिसेल असाच फोटो घ्या, आणि फोटो हवेत का हे पेशंटला आधी विचारा. काहींना फक्त मजकूर हवा असतो.

गर्भपिशवीच्या ऑपरेशनला हीच साखळी लावताना चार चौकटी जोडा: गर्भाशयमुख, उजवं अंडाशय, डावं अंडाशय, नलिका, प्रत्येकापुढे 'ठेवलं' किंवा 'काढलं'. या चौकटी मॉडेलला भरू देऊ नका. दुर्बीण फिरली की फोटोतली बाजू फसवते. त्या सर्जनने हाताने भरायच्या, आणि एकही रिकामी असेल तर प्रिंटचं बटण चालू होऊ द्यायचं नाही.